रिटेनर लावला का?

ज्या माणसापायी पुढे मी माझे सरळ केलेले दात घालवले, तो मला पहिल्यांदा भेटला तेव्हा मी खरकट्याच्या ड्रममध्ये कोपरापर्यंत हात घालून उभी होते. अंगावर मोरपंखी साडी, केसांत गजरा, आणि बांगड्यांवर वांग्याच्या भाजीची तर्री. तेव्हाच काय ते ओळखायला हवं होतं. पण मी मेली पहिल्यापासूनच उशिरा शहाणी होणारी.

डिसेंबरातला रविवार होता. नागपूरजवळ वाडीला माझ्या मैत्रिणीचं, मायाचं लग्न होतं. आठच दिवसांपूर्वी माझ्या दातांवरच्या तारा निघाल्या होत्या. अडीच वर्षं होत्या त्या तोंडात! लहानपणी माझे वरचे दात एकमेकांवर पाय टाकून बसलेले. शाळेत मला रोशनी कोणी म्हणतच नसे, किसणी म्हणत. म्हणून शिक्षिकेची नोकरी लागल्याबरोबर मी हट्टानं ते सरळ करून घेतले. तारा काढल्यावर डॉक्टर अरुंधती मॅडमनी रिटेनर दिला, म्हणजे दातांवर घट्ट बसणारा पारदर्शक प्लास्टिकचा साचा, आणि बजावलं, "दात गुरांसारखे असतात गं. दावं सुटलं की जुन्या वाटेनं घरी. हा दिवसरात्र लावायचा. फक्त जेवताना काढायचा आणि डबीत ठेवायचा. डबीतच!"

मी काय केलं? जेवायला बसताना तो काढला, कागदी रुमालात गुंडाळला आणि ताटाच्या कडेला ठेवला. मग नवरीसोबत फोटो काढायला पळाले. परत येते तो ताट गायब.

"काय हरवलं जी?" मागून आवाज आला.

"काही नाही," मी मान न वळवता म्हटलं.

"काही नाही शोधायले एवढं खोल जावं लागते?"

मी वळून पाहिलं. उंच, सावळा, हातात स्वतःचं रिकामं ताट. चेहरा गंभीर, पण डोळे... डोळे सरळसरळ हसत होते. मला रडूच आलं.

"कवळी आहे का कोणाची? आजीची?" त्यानं हळूच विचारलं.

"कवळी नाही जी! रिटेनर आहे. माझा!"

तो एकदम हसायचा थांबला. ताट खाली ठेवलं, बाह्या वर सारल्या, घड्याळ काढून खिशात टाकलं. "कोणत्या बाजूले बसल्या होत्या?"

"आइस्क्रीमच्या बाजूले."

"मंग तिकडचे ताट वरच असतील. आत्ताच टाकले त्या वाढप्यानं. तुम्ही बाजूले व्हा, साडी खराब होऊन राहिली."

एकेक ताट उचलून तो बाजूला रचू लागला, जणू गोदामातला मालच उतरवून घेतोय. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला त्यानं एक चुरगळलेला रुमाल माझ्यापुढे धरला. मी तो झडप घालून घेतला आणि चहावाल्याकडे निघाले.

"कुठं जाता?"

"उकळत्या पाण्यातून काढते. कसा झाला पाहा ना!"

"अहो, नको!" तो जवळजवळ ओरडलाच. "वाकून जाईल. थंड पाणी. नरम ब्रश. पेस्टबी नाही लावायची, ओरखडे पडतात."

"तुम्ही डॉक्टर आहे का?"

"नाही जी. ट्रान्सपोर्टात आहो." त्यानं इकडेतिकडे पाहिलं, खिशातून एक निळी डबी काढली आणि उघडून माझ्यापुढे धरली. आत त्याचा स्वतःचा रिटेनर होता, धुतलेल्या काचेसारखा लख्ख. "मीबी त्यातलाच."

अठ्ठावीस वर्षांचा एक माणूस परक्या पोरीला आपले दात दाखवत उभा होता, आणि त्याचे कान लाल झाले होते. मी तिथंच गेले कामातून. नळाखाली त्यानं माझा रिटेनर धुऊन दिला, गाडीतून आणखी एक डबी आणून दिली, आणि म्हणाला, "कागदात नका गुंडाळू यापुढं." तेवढ्यात आमची नावं झाली, नंबर झाले. तो सुशील. वाडीतल्या एका गोदामावर सुपरवायझर, तिथंच खोली भाड्यानं घेतलेली. घर कन्हान नदीच्या पलीकडच्या खेड्यात, शेती, विधवा आई, एक बहीण. आडनावंही झाली. नागपुरात आडनाव कळलं की बाकीचं विचारावं लागत नाही. तो कुणबी, आम्ही बौद्ध. दोघांनीही ऐकलं, आणि ऐकलंच नाही असं केलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आठ वाजता फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"रिटेनर लावला का?"

"लावला ना."

"मंग बोलून दाखवा काही."

इथं एक सांगायला हवं. नवा रिटेनर लावला की पहिले काही आठवडे 'स' म्हणताच येत नाही, 'थ' होतो. माझ्या तिसरीच्या वर्गातली पोरं तोंडावर हात ठेवून हसत होती. पण त्याच्यापुढे मला लाज वाटली नाही. मी म्हटलं, "काय बोलू, थुथील?"

"कोण थुथील?"

"तुम्ही थुथील."

"चांगलं आहे नाव. आधार कार्डावर बदलून घेतो." तो हसू दाबत होता, ते मला ऐकू येत होतं. "साताचा पाढा म्हणा. रोज पाच वेळा. मीबी तसंच केलं होतं. आठवड्यात जीभ सुधारते."

"थात एके थात..."

"पुढं?"

"थात दुणे चौदा... हथू नका!"

माझी जीभ आठवड्यात सुधारली. फोन मात्र रोज येत राहिला. आठ वाजता, आठ म्हणजे आठ. "रिटेनर लावला का?" या तीन शब्दांत जगातल्या कुठल्या पोरीला प्रेम सापडलं असेल? मला सापडलं. साडेसात वाजले की मी फोन घेऊन गच्चीत जायची. समोर पॉवर स्टेशनचा धूर, दोरीवर राखेनं करडे झालेले कपडे, आणि मी आपली केस नीट करतेय, फोनमधून दिसणार असल्यासारखी.

रविवारी सकाळी काटोल नाक्याजवळच्या एका टपरीवर आम्ही भेटू लागलो. तर्री-पोहे खायचे म्हणजे आधी रिटेनर काढणं आलं. आम्ही एकमेकांकडे पाठ करायचो, काढायचो, डबीत ठेवायचो, आणि मग तोंडं वळवायचो. टपरीवाले केशवकाका एकदा म्हणालेसुद्धा, "तुम्ही दोघं खायच्या आधी रुसता काहून?" तिसऱ्या की चौथ्या रविवारी सुशील वळलाच नाही. "राहू दे आता... पाहून घे," म्हणाला. माझ्या तोंडासमोर त्यानं तो काढला, लाळेची तार तुटली, ती त्यानं बोटानं पुसली. याहून कुरूप दृश्य नसेल. आणि पोहे थंड झाले तरी मी पहिला घास घेतला नव्हता.

फेब्रुवारीत एका सकाळी गारा पडल्या. टपरीच्या पत्र्यावर असा आवाज की बोललेलं ऐकू येईना. आम्ही आडोशाला चिकटून उभे. त्यानं वाकून एक गार उचलली, माझ्या तळहातावर ठेवली, आणि बोटं मागे घेतली नाहीत. गार विरघळून गेली तरी नाही.

"काही म्हणायचं आहे का तुले?" मी त्याच्या कानाशी ओरडले.

"आहे."

"मंग म्हण ना!"

"म्हणतो ना... घाई कायले करायची?"

मला ते गोडच वाटलं. त्याचं सगळंच असं होतं. रिटेनर सकाळ-संध्याकाळ थंड पाण्यानं धुणार, बुधवारी सफाईच्या गोळीत भिजवणार. डबी नेहमी डाव्या खिशात. मला मेसेज करणार, "गाडीच्या डिक्कीत ठेवजो नको कधी, एप्रिलमध्ये पापड होते." मी वेंधळी, चार चाव्या हरवलेली बाई. मी मनात म्हणायची, जो प्लास्टिकच्या तुकड्याला इतकं जपतो, तो मला किती जपेल? हा माझा हिशेब. आजही मला त्यात चूक सापडत नाही, आणि तरी तो पार चुकला.

मार्चमध्ये चंद्रपूरचे पाहुणे मला पाहायला आले. मुलगा संघपाल, खाणीत इंजिनिअर, बोलायला सरळ. त्याची आई माझ्याकडे बघून माझ्या आईला म्हणाली, "पोरीचे दात किती मस्त आहेत वं, सिंधूताई! एका रांगेत." मी अडीच वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली, ते असं भलत्याच ठिकाणी आलं. जाताना ते होकार देऊन गेले. जूनच्या पहिल्या रविवारी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरला.

पुढच्या भेटीत मी सुशीलला सगळं सांगितलं. तो पोह्यांकडे बघत राहिला.

"तू घरी ये," मी म्हटलं. "बाबांशी बोल. मी त्यांना सांगून ठेवते."

"येतो."

"कधी?"

"हरभरा निघू दे. मंग आईशी बोलतो."

हरभरा निघाला. मग आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आलं. मग बहिणीला पाहायला पाहुणे येणार होते. एकही कारण खोटं नव्हतं. खोटं तो कधी बोललाच नाही. तेच वाईट झालं, नाहीतर मी त्याला पकडला असता. आठ वाजता फोन मात्र चुकला नाही. "रिटेनर लावला का?" मी हो म्हणायची आणि उशीत तोंड खुपसून रडायची. एकदा तर मला वाटलं, ओरडून सांगावं त्याला... दात नाही रे बाबा, मी सरकून राहिली, मला धर!

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शाळेच्या आवारात मी गाडी उन्हात लावली. रिटेनर तोंडातून काढला. डबीत ठेवला. डबी डिक्कीत ठेवली. विसरून नाही, डोळे उघडे ठेवून. बेचाळीस डिग्री होतं. दुपारी दीड वाजता डिक्की उघडली तेव्हा तो दोन्ही कडांनी वर वळला होता. लावून पाहिला, बसला नाही. मला एकाच वेळी भीती वाटली आणि सुटल्यासारखंही वाटलं.

माझं डोकं असं चाललं होतं: दात वाकडे झाले की संघपालच्या आईचं मन फिरेल. साक्षगंध पुढे जाईल. सुशीलला वेळ मिळेल. बस्स, वेळच तर हवा होता ना त्याला! घरी नकार द्यायची माझी हिंमत नव्हती. कोणाच्या जोरावर देणार होते? ज्याच्या जोरावर द्यायचा तो हरभरा काढत होता. आता हे लिहिताना मला माझी कीव येते, पण तेव्हा ते मला फार हुशारीचं वाटलं होतं.

दात सरकायला लागले. पहिल्यांदा जिभेला कळलं. वरच्या डाव्या बाजूला, सुळ्याच्या अलीकडे, एक कोपरा टोचू लागला. मग आरशात दिसू लागला. रोज सकाळी मी ब्रश हातात घेऊन उभी राहायची आणि किसणी हळूहळू परत येताना पाहायची. किती हट्टानं घालवली होती मी तिला! पहिल्या महिन्यात तारांनी गाल सोलले, मी वरणात पोळी कुस्करून खाल्ली, पण एक दिवस कुरकुरले नाही. आणि आता मीच दार उघडून तिला घरात घेत होते. प्रेमात माणूस आंधळा होतो म्हणतात. मला तर सगळं लख्ख दिसत होतं.

सुशीलपासून सहा आठवडे लपवलं. "आधीच काढून आली," म्हणायची टपरीवर. मेच्या मध्यावर त्यानं पाहिलंच. मी कशाला तरी हसले आणि त्याचा चमचा हातातच राहिला.

"तोंड उघड."

"काहून?"

"उघड ना... रोशनी, हा दात फिरून राहिला! रिटेनर कुठं आहे तुझा?"

"डिक्कीत ठेवला होता. पापड झाला."

"कधी?"

"एप्रिलमध्ये."

त्याचा आवाज चढला. पाच महिन्यांत पहिल्यांदा. "एप्रिलमध्ये! अन् तू मले रोज हो म्हणत होती? अडीच वर्षं तू तारा कायले लावल्या मंग? डॉक्टरनं काय सांगितलं होतं? तुले काहीच कसं वाटत नाही वं?"

मी त्याच्याकडे बघतच राहिले.

"माझं लग्न दुसरीकडे ठरून राहिलं, तेव्हा तू इतका नाही बोलला, सुशील. एका दातासाठी इतका बोलून राहिला?"

त्यानं चमचा खाली ठेवला.

"मुद्दाम ठेवला मी तो डिक्कीत. दात वाकडे झाले तर ते लोक नाही म्हणतील म्हणून. तुले वेळ पाहिजे होता ना? माझ्याजवळ दुसरं काय होतं द्यायले?"

केशवकाकांनी तर्रीचं भांडं उगाच ढवळलं. सुशीलचे डोळे भरून आले होते. त्यानं टेबलाखाली माझा हात धरला, इतका घट्ट की अंगठी रुतली. "साक्षगंधाच्या आधीच्या रविवारी येतो," तो म्हणाला. "चार वाजता. तुझ्या बाबांना सांगून ठेवजो. नक्की येतो." त्यानं दिवस आणि वेळ दिली होती! मी घरी जाताना गाडीवर वेड्यासारखी एकटीच हसत होते, वाकड्या दातासकट.

बाबांना सांगायला मला तीन दिवस लागले. बाबा, गोपाळराव, पॉवर स्टेशनवर कोळशाच्या विभागात आहेत. कमी बोलतात. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जात विचारणारे आपण नाही. पोरगा चांगला असेल तर चंद्रपूरवाल्यायची माफी मी मागतो. पण त्यानं समोरून आलं पाहिजे, पोरी. दारातून."

"येणार आहे बाबा. रविवारी चार वाजता."

नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू झाला होता. त्या रविवारी आमच्या पॉवर स्टेशनच्या कॉलनीत कुत्रंही रस्त्यावर नव्हतं. आईनं कूलरमध्ये दोनदा पाणी भरलं, पन्हं केलं. बाबांनी स्वतःचा शर्ट स्वतः इस्त्री केला आणि साडेतीनपासूनच खुर्चीत ताठ बसून राहिले. मी ओठ मिटून हसायचा सराव करत होते. दात दिसू नये म्हणून. त्याच्यासाठीच वाकडा झालेला दात, आणि त्यालाच दाखवायची लाज वाटत होती.

चार वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

"मी गेटपाशी आहो."

"आत ये ना. डावीकडची तिसरी बिल्डिंग."

"तू ये जरा बाहेर..."

मी चपला न घालताच धावले. पायऱ्या तापल्या होत्या, रस्ता तर तव्यासारखा. कॉलनीच्या गेटबाहेर कडुलिंबाच्या सावलीत तो उभा होता. पांढरा शर्ट, भांग नीट पाडलेला. गाडी स्टँडवर, तोंड शहराकडे केलेली.

"आईनं कालपासून पाणी नाही घेतलं, रोशनी," तो म्हणाला. "म्हणते, त्यांच्या घरचं पाणी प्यायचं असेल तर माझ्या हातचं सोड."

"अन् तू काय म्हटलं?"

"काही नाही म्हटलं."

"काहीच नाही?"

"तुले सांगाले आलो. फोनवर सांगणं बरोबर नव्हतं."

पाहा, नातं तोडायलासुद्धा तो दिलेल्या दिवशी, दिलेल्या वेळेला आला होता. मी मागे वळून बोट दाखवलं. "ती माझी खिडकी आहे, सुशील. पन्नास पावलं आहे इथून. बाबांनी इस्त्री केलेला शर्ट घातला आहे. पन्नास पावलं चाल. आत जाऊन नाही म्हण, पण त्यांच्यासमोर म्हण. मी काही बोलणार नाही तुले."

त्यानं खिडकीकडे पाहिलं. खरंच पाहिलं. एक पाय उचललासुद्धा, असं मला वाटलं. मग तो पाय तिथंच ठेवला गेला.

"माझ्यानं नाही होत वं."

गरम वारा आमच्यामधून जात होता. पाय भाजत होते म्हणून मी एकदा हा, एकदा तो पाय उचलत होते, नाचल्यासारखी. त्यानं आपल्या चपला काढून माझ्यापुढे सरकवल्या. मी घातल्या नाहीत.

"मले तू आवडते," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. त्या ड्रमपासून. कधी म्हटलंच नाही मी..."

हे शब्द मी सहा महिने गच्चीत उभी राहून मनातल्या मनात ऐकले होते. त्याच्या आवाजात, अगदी असेच. आता ते खरे आले तर माझ्याकडे त्यांना ठेवायला जागाच नव्हती.

"आज ऐकून मी काय करू त्याचं?"

"नवा रिटेनर करून घेजो. रोज लावजो. तुझे दात..." तो रडत होता, तोंड वेडंवाकडं करून, लहान पोरासारखा. आणि त्या रडणाऱ्या तोंडातले दात एका रेषेत होते. एकही रात्र चुकली नव्हती त्याची. जिथं बसवलं तिथून तसूभर न हलणं, यावरच तर मी भाळले होते ना? मग आता तो हलत नाही म्हणून कोणाकडे तक्रार करायची होती मी? मला त्याचा भयंकर राग आला, आणि त्याच रागात त्याचे डोळे पदरानं पुसावेसे वाटले. दोन्ही केलं नाही. "जा," म्हटलं. तो गेला.

घरात आले तर बाबा उठून उभे राहिले, माझ्या मागे कोणी आहे का ते बघायला.

"आले नाही?"

"आले होते. गेटवरून गेले."

"वॉचमननं अडवलं का?"

"नाही बाबा."

बाबा खाली बसले. बराच वेळ त्यांनी हातावर हात घासले. मग आईला म्हणाले, "सिंधू, पन्हं आण. आपल्यापुरतं." तिघांनी ते प्यायलं. बाबांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी माझ्या तोंडानं सांगणार नाही. त्यांच्या पोरीच्या मनापेक्षा जास्त काहीतरी त्या गेटवर मोडलं होतं, एवढंच.

चंद्रपूरला मीच फोन केला. संघपालला खरं सांगितलं: माझं मन दुसऱ्यात होतं, तो आता नाही, पण म्हणून मी तुमच्याकडे येणं बरोबर नाही. आणि कशाला लपवायचं म्हणून डिक्कीचंही सांगितलं. तो म्हणाला, "मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर पाहिला होता मी तो दात. मला काही वाटलं नव्हतं हो." आणि तो हसला, चांगल्या मनानं. म्हणजे तेही फुकटच गेलं. मी फोन ठेवून भिंतीला टेकून बसले. सुशील नाही, साक्षगंध नाही, दात नाहीत. आठ वाजले. फोन वाजला नाही.

जुलैत आईनं मला धरून दवाखान्यात नेलं. अरुंधती मॅडमनी तो वळलेला रिटेनर हातात घेऊन उलटापालटा केला.

"डिक्कीत राहिला ना? दर उन्हाळ्यात चार-पाच जण करतातच."

"राहिला नाही मॅडम. ठेवला."

"म्हणजे? का?"

"एका माणसाची वाट पाहत होते. तो येईपर्यंत लग्न अडवायचं होतं."

मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मग? आला का तो?"

"आला होता मॅडम. गेटपर्यंत."

पुन्हा तारा लावाव्या लागतील, वर्ष-दीड वर्ष, एवढंच म्हणाल्या. खुर्ची मागे झुकवली, दिवा तोंडावर ओढला. पाठीवर पडलं की डोळ्यांतलं पाणी गालांवर येत नाही, सरळ कानांत जातं, हे मला त्या दिवशी कळलं. मॅडमनी त्या दातावर बोट ठेवून हळूच दाबलं.

"दुखतंय का गं?"

तोंडात आरसा होता, म्हणून मी नुसती हो म्हणून मान हलवली.